आड्याला खोचलेला कामठा

शाळांच्या स्नेहसंमेलनाचे दिवस आले की एक नाच हमखास असतो. आदिवासी नृत्य. मुलांच्या कमरेला पानं, डोक्याला पिसं आणि हातात पुठ्ठ्याचं धनुष्य. पालक टाळ्या वाजवतात, फोटो काढतात. नाच संपला की ते धनुष्य कचऱ्यात. पण आपल्या वसई पूर्वेला, पारोळ-भाताणे-मेढे पट्ट्यातल्या पाड्यांवर, एखाद्या घरात खरोखरचं बांबूचं धनुष्य अजून असतं. ते चालवता येणारे आजोबाही असतात. त्यांची नात कुठल्या तरी शाळेत शिकत असते. तिच्या हातात पुठ्ठ्याचं धनुष्य द्यायला सगळे पुढे येतात, पण तुला खरा नेम धरायला शिकायचंय का, हे तिला कुणी विचारत नाही.

मैत्रिणींनो, आज तिरंदाजीवर लिहायचं कारण म्हणजे अलीकडे बऱ्याच आया या खेळाची चौकशी करताना दिसतात. ऑगस्ट २०२३मध्ये साताऱ्याच्या अदिती स्वामीने बर्लिनला जागतिक अजिंक्यपद मिळवलं, तेव्हा ती फक्त १७ वर्षांची होती. वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय तिरंदाज. वडील शिक्षक, घर साधं, सराव उसाच्या शेतात तयार केलेल्या मैदानावर. आपल्यासारख्याच घरातली मुलगी! साहजिकच घराघरांत मुली म्हणू लागल्या, "आई, मला पण आर्चरीला घाल ना."

आणि मग किमती ऐकून आया गप्प होतात. विरारच्या एका मैत्रिणीला कुणीतरी सांगितलं, की चांगला संच घ्यायचा तर लाख-दोन लाख तयार ठेवा. ती म्हणाली, "अगं, एवढ्यात माझी किचनची दुरुस्ती होईल. राहू दे ती आर्चरी." मुलीचा विषय तिथेच मिटला.

खरं तर मिटायला नको होता. दुकानदार दाखवतो तेवढीच धनुष्यं जगात नसतात. महागड्या चकचकीत धनुष्यांच्या गर्दीत आपण दोन गोष्टी विसरलोय. एक, साधं लाकडी रिकर्व्ह धनुष्य. आणि दुसरी, आपल्याच जिल्ह्यातल्या आदिवासींचा तीरकामठा.

रहाट आणि कळशी

आधी धनुष्यांमधला फरक समजून घेऊ. म्हणजे कुणी आपल्याला फसवणार नाही.

सगळ्यात साधं धनुष्य म्हणजे एकाच काठीचं. बांबू किंवा लाकूड वाकवलं, दोरी बांधली, झालं. दुसरं रिकर्व्ह. याची दोन्ही टोकं पुन्हा उलट दिशेला, म्हणजे नेम धरणाऱ्यापासून दूर वळलेली असतात, मिशांना पीळ द्यावा तशी. दोरी ओढली की ही टोकं उलगडतात आणि सोडली की झटक्याने परत वळतात. त्यामुळे लहान धनुष्यातूनही बाण जोरात जातो. तिसरं कंपाउंड. याच्या टोकांना चाकं आणि तारा असतात. अमेरिकेत हॉलेस ॲलन नावाच्या माणसाने हे शोधलं, १९६९मध्ये त्याला पेटंट मिळालं. म्हणजे हजारो वर्षांच्या या विद्येत कंपाउंडचं वय माझ्या थोरल्या नणंदेएवढंच!

वापरायला फरक काय? कंपाउंड म्हणजे विहिरीवरचा रहाट. चाकांमुळे दोरी पूर्ण ओढली की वजन एकदम हलकं होतं, मग निवांत नेम धरता येतो. रिकर्व्ह म्हणजे कळशी नुसत्या हाताने वर ओढायची आणि काठाशी तशीच तोलून धरायची. जितकं ओढाल तितकं जड. वरच्या पातळीवरच्या मुलींचं धनुष्य ओढायला साधारण ४० पौंड, म्हणजे १८ किलोच्या आसपास जोर लागतो. पात्रता फेरीत ७२ बाण मारायचे असतात. हिशेब करा, एका दिवसात जवळजवळ तेराशे किलो! नाजूक खेळ म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

नेमाचं अंतर ७० मीटर. आपल्या विरार लोकलचे साडेतीन डबे एकामागे एक लावा, तेवढं. आणि मधलं दहा गुणांचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचं, चहाच्या बशीपेक्षाही थोडं लहान.

आता गंमत बघा. बाजारात रुबाब कंपाउंडचा, पण १९७२ साली तिरंदाजी ऑलिम्पिकमध्ये परतली तेव्हापासून २०२४च्या पॅरिसपर्यंत तिथे मान होता फक्त रिकर्व्हचा. कंपाउंडची मिश्र दुहेरी पहिल्यांदा येणार ती २०२८च्या लॉस एंजेलिसला. आपली अदिती जगज्जेती झाली ती कंपाउंडमध्ये. तिचं यश मोठंच आहे, त्यात शंका नाही. पण शिकायला सुरुवात करायची म्हणजे कंपाउंडच घ्यायचं, हा समज काढून टाकायला हवा. साध्या धनुष्यावर शरीराची ठेवण, पाठीचा जोर आणि मनाचा थारा पक्का होतो. पोळपाट-लाटण्यावर हात बसलेल्या बाईला पोळीचं मशीन चालवणं जड जात नाही, पण मशीनवर शिकलेलीच्या हाती लाटणं दिलं तर नकाशे निघतात. तसंच हे.

शिंगाचं धनुष्य, बांबूची दोरी

टोकं वळलेलं धनुष्य ही काही परदेशातून आलेली नवलाई नाही. विष्णूच्या धनुष्याचं नाव शार्ङ्ग. शृंग म्हणजे शिंग, त्यावरून आलेला हा शब्द. लाकूड, शिंग आणि जनावरांचे स्नायू सरसाने चिकटवून केलेली वळणदार धनुष्यं आशियात शतकानुशतकं वापरात होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शस्त्रागाराच्या प्रकरणात धनुष्याची चार द्रव्यं सांगितली आहेत. ताड, बांबू, लाकूड आणि शिंग. दोरी कशाची असावी याचीही यादी आहे, आणि त्या यादीत चक्क बांबूची दोरी आहे!

हे वाचून मी थबकले. कारण सातपुड्यातले भिल्ल आजही धनुष्याला बांबूच्याच चिरलेल्या कामटीची दोरी लावतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात नोंदलेली गोष्ट ज्यांनी न लिहिता, न वाचता हातात जपली, त्यांना आपण अडाणी म्हणतो.

शिंगाची धनुष्यं राजेरजवाड्यांची. करायला वेळ फार, खर्च फार, आणि सरस ओल धरतो. आपल्या कोकणच्या चार महिन्यांच्या पावसात असं धनुष्य टिकवणं म्हणजे पापड अंगणात ठेवण्यासारखंच. इथे चालणार तो बांबू. बांबू रानात मिळतो, मोडला तर दुसरा तोडता येतो. आपल्या नालासोपाऱ्यात जिथे स्तूप सापडला, त्या टेकाडाला लोक बुरूड राजाचा कोट म्हणतात. १८८२मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथे उत्खनन केलं. बुरूड म्हणजे बांबूकाम करणारा. ज्या गावाच्या दंतकथेत बांबूवाला राजा झाला, त्या भागात बांबूच्या धनुष्याला किंमत नसावी, याचं वाईट वाटतं.

एकलव्याची गोष्ट आपण मुलांना सांगतो ती गुरुभक्तीची म्हणून. निषादांचा तो मुलगा, अंगठा कापून दिला आणि गोष्ट संपली. पण आजची ऑलिम्पिक तिरंदाज दोरी ओढते ती तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका या तीन बोटांनी. अंगठ्याने दोरी ओढतच नाहीत. भिल्लांमध्येही अंगठा न लावता बाण मारतात, आणि ते एकलव्याच्या आठवणीने, असं सांगितलं जातं. मुलांना गोष्ट सांगताना एवढं पुढचं वाक्य जोडायला हरकत नाही. अंगठ्याशिवायही नेम लागतो, म्हणून.

"ससा मारला त फारेस्टवाला धरील"

बचत गटाच्या कामासाठी पाड्यांवर जाणं होतं. अशाच एका घरात, कुडाच्या भिंतीच्या वर, आड्याला खोचलेला कामठा दिसला. धुराने काळा झालेला, दोरी सैल. मी विचारलं, "बाबा, अजून चालवता का?" ते हसले. म्हणाले, "आता काय मारायचा, बाय? ससा मारला त फारेस्टवाला धरील."

त्यांचं म्हणणं खरंच आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आली. परदेशात, अमेरिकेसारख्या ठिकाणी, परवाना काढून रिकर्व्हने हरणाची शिकार करता येते. आपल्याकडे तसं नाही, आणि नसावंच. जंगल किती उरलंय ते आपण बघतोच आहोत. या कायद्यात शस्त्र म्हणजे काय, याच्या व्याख्येत धनुष्यबाणाचंही नाव आहे. त्यामुळे तुंगारेश्वरसारख्या अभयारण्यात परवानगीशिवाय धनुष्य घेऊन जाणंही गुन्हा ठरतो. मुलांनी हौसेने नेऊ नये, म्हणून मुद्दाम सांगते.

कायद्याशी माझं भांडण नाही. पण शिकार बंद झाली तेव्हा त्या हातांमधल्या विद्येला दुसरी वाट कुणी काढून दिली का? थोड्याफार ठिकाणीच. वारली चित्रांमध्ये धनुष्यबाण घेतलेले शिकारी आहेत. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी ही चित्रं जगभर नेली, २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज ती चित्रं आपल्या कुर्त्यांवर, पडद्यांवर, कपांवर आहेत. चित्रातला धनुर्धारी आपण दिवाणखान्यात लावला. खऱ्याला मात्र मैदान दिलं नाही.

त्या घरातली नात नववीत होती. कामठ्याबद्दल बोलणं निघालं तशी ती आत जायला लागली. तिला थांबवून विचारलं, तर खाली बघत म्हणाली, "मॅडम, शाळेत नका सांगू. मुलं झिंगालाला म्हणून चिडवतात." तिच्या आजोबांची विद्या तिला लाजेची वाटत होती. मला वाटतं, तिरंदाजीतलं आपलं खरं नुकसान हे आहे. पदकांचं नंतर बघू.

बांबूपासून ऑलिम्पिकपर्यंत

हे नुकसान टाळता येतं, याची उदाहरणं आहेत. राजस्थानात उदयपूरजवळच्या आदिवासी भागातला लिंबाराम बांबूच्या धनुष्याने पाखरं टिपायचा. १९८७मध्ये आदिवासी भागातली गुणी मुलं शोधण्याच्या सरकारी योजनेत तो निवडला गेला. पुढच्याच वर्षी तो सोल ऑलिम्पिकला होता. एकूण तीन ऑलिम्पिक खेळला, २०१२मध्ये पद्मश्री मिळाली. रानातला नेम मैदानावर आणायला फक्त कुणीतरी बघणारं लागलं.

झारखंडच्या दीपिकाकुमारीची गोष्ट तर प्रत्येक मुलीला सांगावी. रांचीजवळचं गाव, वडील ऑटोरिक्षा चालवायचे, आई परिचारिका. पोरगी दगडाने आंबे पाडायची, घरीच केलेल्या बांबूच्या धनुष्यावर नेम धरायची. २००६मध्ये जमशेदपूरच्या टाटा अकादमीत गेली, तिथे पहिल्यांदा योग्य साहित्य आणि ५०० रुपये विद्यावेतन मिळालं. २०१२मध्ये ती जगात पहिल्या क्रमांकावर होती. चार ऑलिम्पिक खेळली. डिसेंबर २०२२मध्ये तिला मुलगी झाली आणि त्यानंतर पावणेदोन वर्षांच्या आत ती पॅरिस ऑलिम्पिकच्या उपांत्यपूर्व फेरीत होती. बाळंतपणानंतर आता कशाला, म्हणणाऱ्या सासवांना आणि आपल्या स्वतःच्या मनालाही हे ऐकवायला हवं.

आपल्या महाराष्ट्रातही बघा. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव. आईवडील मजुरी करणारे. शाळेतल्या शिक्षकांनी हेरलं, क्रीडा प्रबोधिनीत गेला, पुढे सैन्यदलात. टोकियोला रिकर्व्ह घेऊन ऑलिम्पिक खेळला. साताऱ्याला जे जमलं ते पालघरला का जमू नये? आपल्याकडे तर धनुष्य घराच्या आड्यालाच आहे.

भारताला तिरंदाजीत ऑलिम्पिक पदक अजून मिळालेलं नाही. दुसरीकडे दक्षिण कोरियाच्या मुलींनी १९८८पासून २०२४पर्यंत सांघिक सुवर्ण एकदाही सोडलेलं नाही. सलग दहा ऑलिम्पिक! तेही रिकर्व्हवर.

हा बायकांचाही खेळ

बायकांना ऑलिम्पिकची दारं जेव्हा जेमतेम किलकिली होती, तेव्हाही तिरंदाजीत त्यांना जागा होती. १९०४मध्ये अमेरिकेत बायका खेळल्या. १९०८मध्ये लंडनला क्वीनी न्यूअल या इंग्लिश बाईंनी सुवर्णपदक घेतलं, तेव्हा त्यांचं वय होतं ५३! दुसऱ्या आलेल्या लॉटी डॉड या पाच वेळा विम्बल्डन जिंकलेल्या. चाळिशी ओलांडली की गुडघ्यांचं तेल शोधणाऱ्या आपण, जरा विचार करू या.

न्यूझीलंडच्या नेरोली फेअरहॉल १९८४च्या ऑलिम्पिकमध्ये चाकाच्या खुर्चीवरून खेळल्या. जम्मू-काश्मीरमधल्या किश्तवाडच्या शीतलदेवीला जन्मतः हात नाहीत. पायाने धनुष्य धरून, खांद्याने दोरी ओढून तिने २०२४च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये राकेशकुमारबरोबर कांस्य मिळवलं. ती कंपाउंड वापरते, तिच्या शरीराला ते सोयीचं. ज्याला जे सोयीचं ते त्याने घ्यावं. फक्त महाग ते चांगलं आणि साधं ते टाकाऊ, असं ठरवू नये.

मग करायचं काय?

आपल्या देशात राष्ट्रीय पातळीवर तीन प्रकारांच्या स्पर्धा होतात. रिकर्व्ह, कंपाउंड आणि इंडियन राउंड. हा तिसरा प्रकार बऱ्याच पालकांना माहीतच नसतो. इंडियन राउंडमध्ये बांबूचं साधं धनुष्य वापरतात, ना चाकं ना भिंगं. मोठ्या गटाला अंतर ३० आणि ५० मीटर. शालेय स्पर्धांतही हा प्रकार असतो. असं धनुष्य काही हजारांत येतं. सुरुवात इथून करावी, मुलगी वर्षभर टिकली, गोडी लागली, तर पुढे रिकर्व्ह.

पुढचं रिकर्व्ह घेतानाही लाखाची घाई नको. लाकडी मुठीचं, सुटं होणारं धनुष्य मिळतं. मूठ तीच राहते आणि ताकद वाढेल तशा वरखालच्या पात्या बदलता येतात. वाढत्या अंगाच्या पोरीला फ्रॉकची शिवण सोडून देतो ना, तसं.

चार-पाच घरांनी, बचत गटाने किंवा शाळेने मिळून दोन धनुष्यं आणि एक जाड गवताचं किंवा फोमचं लक्ष्य घेतलं तर पंधरा मुली शिकू शकतात. आपल्या मुख्याध्यापकांना, नगरसेवकांना हे विचारू या. हळदीकुंकवाला वाणाची भांडी किती वर्षं वाटणार? एका वर्षी त्या पैशातून शाळेला धनुष्य देऊन बघू. दहावी-बारावीला नियमांप्रमाणे खेळाचे वाढीव गुण असतात, सरकारी नोकऱ्यांत पात्र खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पाड्यावरच्या मुलीसाठी हा आयुष्याचा प्रश्न असू शकतो.

आणि शिकवताना पाड्यावरच्या त्या बाबांना बोलवा. प्रशिक्षक नियम शिकवेल, बाबा बांबू कसा निवडायचा, कसा वाकवायचा ते दाखवतील. प्रशिक्षकासारखंच त्यांनाही मानधन द्या, त्यांनाही खुर्ची द्या. शाळेच्या मैदानावर आजोबांना सगळे "सर" म्हणताना ज्या दिवशी नात ऐकेल, त्या दिवशी तिला चिडवणाऱ्यांची तोंडं आपोआप बंद होतील.

आयांनो, एवढं सांभाळा

- पहिलं धनुष्य हलकं घ्या. शाळकरी मुलीला १६ ते २० पौंड पुरे. जड घेतलं तर खांदा दुखावतो आणि सवय चुकीची लागते.
- बाण न लावता दोरी ओढून सोडू नये. सगळा जोर धनुष्यातच राहतो आणि ते तडकू शकतं.
- डाव्या हातावर पट्टा आणि ओढणाऱ्या बोटांना चामड्याचं आवरण हवंच. लांब केस बांधा, ओढणी काढून ठेवा.
- सराव झाला की दोरी उतरवून ठेवा. पावसाळ्यात लाकूड आणि बांबू भिंतीला टेकवून नको, कोरड्या जागी आडवं ठेवा.
- लक्ष्याच्या मागे उंच भिंत किंवा मातीचा बांध असावा. सगळ्यांचे बाण मारून झाल्याशिवाय कुणीही पुढे जायचं नाही.
- गच्चीत, सोसायटीच्या आवारात, रस्त्यालगत सराव नको. प्राण्या-पाखरांवर नेम तर मुळीच नाही.
- जाणत्या प्रशिक्षकाशिवाय सुरुवात करू नका. जिल्हा क्रीडा कार्यालयात चौकशी केली की जवळचं केंद्र कळतं.

येत्या स्नेहसंमेलनाच्या मीटिंगला शाळेत जाल, तेव्हा एकच करा. आदिवासी नृत्याचा विषय निघाला की बाईंना नम्रपणे विचारा, "पुठ्ठ्याच्या धनुष्यांना किती खर्च येतो हो? त्यात थोडी भर घालून एक खरं घेऊ या का?"